दगड सरळ हाय

लग्न होऊन नेरूळला निघाले, तेव्हा बाबा मला वाडीच्या वेशीपर्यंतच सोडायला आले. तिथं आमचा वीरदेव आहे. तलवार उगारलेला घोडेस्वार कोरलेला कमरेएवढा दगड. कुणाचा, कधीचा, कुणालाच ठाऊक नाही. बाबांनी मला त्याच्या पाया पडायला लावलं. "आमची काळजी करू नको गो. ह्यो हाय ना नजर ठेवायला." मी रडतच पोलादपूरला येऊन एसटीत बसले.

माझ्यासारखे जे डोंगर उतरून आलेत त्यांना हे कळेल. नवी मुंबईत मला आधी आवडली ती चौकाचौकातली शिल्पं. उड्डाणपुलाजवळचे गुलाबी फ्लेमिंगो, बागेतला नटबोल्टांचा बैल. रविवारी लेकीला घेऊन आम्ही एकेक बघायला जायचो. वाडीत देवाशिवाय काही कोरलेलं मी पाहिलंच नव्हतं. इथं नारळ नाही, शेंदूर नाही, नुसतं बघत राहायचं. मला त्याची मोठी गंमत वाटायची.

मग एका पावसाळ्यात समोरच्या डोंगराची कड खाली आली. माणसं वाचली, शेतं गेली. तलाठी सांगून गेले, पावसाचे महिने खाली शाळेत राहा. बाबा ऐकेनात. "डोंगर हलला तर वीरदेव आधी कलंल. तो कलला की उतरू."

तेव्हापासून पाऊस लागला की मी फोन करायची आणि तिकडून एकच उत्तर, "दगड सरळ हाय." तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. पण भीती अंगात मुरली ती मुरलीच. शिल्प कुठलंही असो, माझी नजर आधी चौथऱ्याकडे. नवरा चिडवायचा, "फ्लेमिंगो बघायला आलीस की इन्स्पेक्शनला?"

गेल्या गौरी-गणपतीला गेले. वीरदेव सरळच होता. पण पायाशी ताजी माती, आणि उताराच्या बाजूला ठोकलेल्या दगडी चिपा, जुन्यांवर नव्या. बाबांना विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. "पावसात होतो वाकडा. मी लगेच नीट बसवतो. देवाला काय वाकडा ठेवायचा?"

खोटं ते एकदाही बोलले नव्हते. मी इकडे जेव्हा जेव्हा निर्धास्त झाले, तेव्हा तेव्हा तिकडे त्यांच्या पायाखालचा डोंगर सरकत होता. मला इतका राग आला की रडूच फुटलं. तिथंच, वीरदेवासमोर, त्यांच्याकडून शब्द घेतला, की आता त्याला हात लावायचा नाही.

आज सकाळी फोन केला. बाबा म्हणाले, "कललाय गो. मी नि तुझी आय तुझ्याकडं निघतो. पन ह्याला असाच टाकून?"

"असाच," मी म्हणाले.

उड्डाणपुलाजवळच्या थांब्यावर उभी राहून मोबाइलवर हे लिहितेय. वाडीत अजून राहिलेल्यांनो, वीरदेवाला सरळ करू नका. आधी उतरा.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी वाडीचं नाव सांगायची. आज माझं घर पोलादपूरहून सुटलेल्या एसटीत, पिशव्या मांडीवर घेऊन बसलंय. महाडात सावित्री नदी चढली असेल तर गाडी अडेल. गाडीत बसल्याचं कळवलं, त्यानंतर त्यांचा फोन लागत नाही. लेक फ्लेमिंगोंकडे बोट दाखवतेय. माझं लक्ष येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या पाटीकडे आहे.