सगळ्यांचं उत्तर उणे दहा

कार्मीन टीचरांचा कोणावरच विश्वास नाही. बांगडा घेताना आधी कल्ला उघडून बघतात, मग मासेवालीचा चेहरा. स्टाफरूममध्ये बावीस वर्षं माझ्या शेजारी बसतात, पण पर्स अजून मांडीवरच. मी भूगोल शिकवतो, पर्स चोरत नाही. फळ्यावर गणित सोडवतानाही दर ओळीला मान वळवून बघतात, कोण कोणाच्या वहीत डोकावतंय ते.

आठवीच्या चाचणीवरून शिष्यवृत्ती परीक्षेची नावं ठरायची होती. त्यात होतं : ८ − ३ × (−२). तेवीस जणांचं उत्तर उणे दहा. एकट्या अलीजाचं चौदा.

"अख्ख्या वर्गान कॉपी केल्यान," टीचर म्हणाल्या.

"अलीजाचा तरी बरोबर आसा मां?"

"थंयच तर संशय! मी शिकवलंय त्या दिसा ता चेडू शाळेतच नव्हता. मग चौदा खंयसून इले?"

लाल पेन यादीतल्या तिच्या नावावर टेकलं होतं. मला रागच आला. तिचे वडील, दाऊद, बंदरावर जाळी शिवतात, आणि त्या घरातून एवढी मजल मारणारी ही पहिलीच पोर. "आधी तिका विचारा तरी," मी म्हटलं.

अलीजा आली, दाराशीच उभी राहिली. "टीचर, त्या दिसा मी अब्बांवांगडा ओरोसाक गेल्लंय. मगे घराक पुस्तकात बघून केलंय. आधी गुणाकार, तेचे उणे सहा. आठातून उणे सहा वजा केले, चौदा झाले."

"म्हणजे तू एकटी खरी आणि ते तेवीस खोटे?"

कॉपी पकडायचीच म्हणून टीचरांनी सगळ्यांच्या वर्गपाठाच्या वह्या मागवल्या. पहिल्या वहीत १० − ४ × (−३). खाली ६ × (−३). त्याखाली −१८. दुसरीत तेच, तिसरीतही तेच. फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी टीचरांचीच बरोबरची लाल खूण.

"मधीच मागच्या बाकार कोणतरी हसला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माका वाटला, कॉपी करतत. वळून बघलंय, आणि परत फळ्याकडे वळान आधी वजाबाकीच केलंय."

अलीजाचं नाव यादीत राहिलं. टीचर मात्र वह्यांचा गठ्ठा धरून बसल्या होत्या.

"तेवीस पोरांनी माझ्यार विश्वास ठेवल्यानी," त्या म्हणाल्या.

घंटा झाली तशी त्या उठल्या, वह्या घेऊन आठवीच्या वर्गाकडे गेल्या. पर्स खुर्चीवरच राहिली.