उंद्री ते देहरादून: रेणूच्या स्केट्सची धार

तीन वर्षं मी रेणूला फक्त मोबाइलवर पडताना पाहिलं. मोबाइलवरचं पडणं सोपं असतं, आवाज बंद करता येतो. या वर्षी ही माझी लेक म्हणाली, "आई, देहरादूनले तू येच. नाहीतर फोनवर विचारत बसशीन, लागलं का, लागलं का." म्हणून निघाले.

नवीन वाचकांसाठी सांगते. रेणू बर्फावर फिगर स्केटिंग करते. संगीतावर उड्या, गिरक्या, आणि त्याचे गुण. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या उंद्रीत बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी. तिची सुरुवात चाकांच्या स्केट्सवर झाली, चिखलीच्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर. हे तिला मोटरसायकलवर न्यायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ओसरीत बसून चाकांमध्ये तेल घालायचे, आणि माझे दीर सुभाष भाऊजी शेजारी बसून पाहायचे. हे गेले त्याला चार वर्षं झाली. पुढच्याच वर्षी स्केटिंग शिकवणाऱ्या एका मॅडमनी रेणूला गुरुग्रामला बर्फावर नेलं. ह्यांनी तिला बर्फावर कधी पाहिलं नाही.

रेणू दसऱ्याला घरी आली होती, इथूनच आम्ही दोघी निघणार होतो. निघताना भाऊजींनी तिची बॅग स्वतः जीपमध्ये ठेवली. "वहिनी, काही काळजी करू नका. पोरीचं सामान एकदम तयार हाये," असं म्हणून हसले. मला वाटलं, बॅगेची तुटलेली चेन दुरुस्त केली असेल.

उंद्रीहून चिखली, बुलडाणा, मग राजूर घाट उतरून मोताळा आणि मलकापूर. घाटात वळणं आहेत, उलटीचा त्रास असेल तर पुढे बसा. दिल्लीची प्रत्येक गाडी मलकापूरला थांबत नाही, वेळापत्रक आधी पाहा. सणाच्या दिवसांत आरक्षण लवकर करा. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, दोन दिवस छान टिकली.

गाडीत समोर नांदुऱ्याच्या एक मावशी होत्या.

"कुठं जाऊन राह्यल्या मायलेकी?"

"देहरादूनले. पोरगी बर्फावर खेळते."

"बर्फावर? आन् पडली मंग?"

"पडते," रेणू म्हणाली.

"आन् तुह्या मायले हे पाहायले घेऊन चालली?" मावशींनी मला एक धपाटं जास्त खायला लावलं. म्हणाल्या, "खाऊन घ्या, तिथं घशाखाली उतरणार नाही."

त्यांचं खरं निघालं.

दिल्लीहून देहरादूनला आम्ही बसने गेलो. शेवटचा रस्ता झाडीतून जातो, खिडकीची जागा घ्या. बाहेर ऊन होतं म्हणून मी सुती साडीवर गेले आणि रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, आत शिरताच दात वाजायला लागले. तुम्ही कोणत्याही महिन्यात जा, स्वेटर, मोजे आणि बसायला जाड चादर न्या. बाकांचा गारठा कंबरेत शिरतो.

तिथे मी पहिल्यांदा बर्फावरचा आवाज ऐकला. कडबा चिरताना येतो तसा, पण लांबलचक. मुली सरावाला उतरल्या होत्या. रेणू उतरली, एक पाय बाजूला रेटला आणि तो तेलावरून जावा तसा सटकला. पुन्हा रेटला, पुन्हा तेच. मी कठडा घट्ट धरला. मॅडमनी तिला बाहेर बोलावलं, पातं उलटं करून नखाने तपासलं.

"ये धार किसने लगाई?"

रेणूने माझ्याकडे पाहिलं. मला निघतानाचं भाऊजींचं हसू आठवलं. आमच्याकडे दसऱ्याच्या आधी घरातलं सगळं लोखंड निघतं. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास घासून, धार लावून पूजेला मांडतात. या वर्षी ते काम निघालं त्या सकाळी आम्ही दोघी चिखलीला रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो होतो. भाऊजींनी गोठ्यातल्या धारेच्या चाकावर विळ्यांबरोबर रेणूचे स्केट्सही काढले असणार. विळ्याला एकच धार असते. स्केटच्या पात्याला दोन असतात, मधे बारीक नाळ, म्हणजे लांब खाच, आणि रेणूचं सगळं वळणं-उडणं त्या दोन कडांवर चालतं. भाऊजींनी नाळ घासून जवळजवळ सपाट केली होती.

तिथल्या कारागिराने दुपारभर बसून नवी नाळ पाडली. म्हणाला, चलेगा, मगर पहले जैसा नहीं लगेगा. स्पर्धा दुसऱ्या दिवशी होती. पहिल्या तिघी परदेशातल्या स्पर्धेला जाणार होत्या आणि त्यासाठी रेणू वर्षभर राबली होती. मॅडम म्हणाल्या, हवेत दोनदा फिरायची ती दुहेरी उडी सोडून दे, पाय मोडण्यापेक्षा बरं. मीही तेच म्हणाले. रेणू ताटातला राजमा-चावल नुसता ढवळत बसली होती.

"आई, तू फोनवर भेते तेवढं पुरे हाये. इथं नको भिऊ."

"मंग कुठं भिऊ?"

"घरी गेल्यावर," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. थोड्या वेळाने म्हणाली, "काकाले सांगू नको पण."

दुसऱ्या दिवशी तिचं नाव पुकारलं तेव्हा मी हातातल्या पिशवीचा बंद बोटाला इतका गुंडाळला की बोट पांढरं पडलं. निळ्या पोशाखात ती फार लहान दिसत होती. गाणं सुरू झालं. ती वेग घेऊन आली, तीच दुहेरी उडी घेतली, फिरली आणि पडली. इथे आवाज बंद करता येत नाही. खुबा बर्फावर आपटल्याचा आवाज मी अजून ऐकते. माझ्या तोंडून ह्यांचं नाव निघालं, जे मी आयुष्यात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. शेजारची बाई वळून पाहायला लागली. तोवर रेणू उठून पुढच्या वळणावर पोचली होती. दुसरी उडी तिने सोपी केली, गिरक्या पूर्ण केल्या आणि शेवटी हात वर करून थांबली. छाती भात्यासारखी हलत होती.

चौथी आली. थोडक्यात गेलं.

रेणू तिकडूनच मॅडमबरोबर गुरुग्रामला गेली. परतीचा प्रवास मी एकटीने केला. एकट्या बाईने करण्यासारखा आहे, फक्त खालचा बर्थ मागून घ्या. मला मात्र झोप लागली नाही. सांगू की नको, एवढंच चाललं होतं.

मलकापूरला भाऊजी घ्यायला आले होते. जीप घाट चढून वर आली. मग त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, धार कशी होती?"

पोरीने बजावलेलं आठवलं. पण न सांगावं तर पुढच्या दसऱ्याला भाऊजी पुन्हा तेच करणार. मी सांगितलं. दोन कडा, नाळ, पडणं, चौथा नंबर, सगळं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"दादा तिच्या चाकाले तेल घाले," ते म्हणाले. "मले वाटलं, आता तिच्या सामानाले हात लावणारं घरात कोणी राह्यलं नाही."

ह्यांची आठवण मी एकटीच सांभाळते, असं मी धरून चालले होते.

त्यांनी तिथूनच रेणूला फोन लावला. ओरडली तर ऐकून घेऊ, अशा तयारीने मान खाली घातली होती.

"काका, आईनं सांगितलं ना?"

"हाव."

"विळ्याले लावतो तशी लावली ना तुम्ही?"

"हाव, बाई."

"विळे तरी चांगले झाले का?"

भाऊजी हसले, मग डोळे पुसले. "पुढच्या बारीले मी पण येतो," ते म्हणाले. "हात नाही लावणार कशाले. आईजवळ बसून फक्त पाह्यतो."

रेणू दिवाळीला पुन्हा घरी आली. लक्ष्मीपूजनाला भाऊजींनी तिची बॅग पाटावर ठेवली. हळद-कुंकू बॅगेच्या चेनवरच वाहिलं, चेन उघडली नाही. दोन तिकिटांसाठी मलकापूरची गाडी मी आत्तापासून पाहून ठेवते आहे. भाऊजींसाठी स्वेटरही विणायला घेतला आहे, त्यांना तिथला गारठा ठाऊक नाही.