सुरूच्या बनातील तिसरी ओळ

घटनेचे ठिकाण: बोरिवलीच्या खाडीपलीकडे, धाकट्या बहिणीच्या सासरचे कोळीवाड्याचे गाव. काळ: ऐंशीनंतरची वर्षे, जवळा वाळवण्याचे दिवस. साक्षीदार: बहीण, एक करवत्या आणि तोडलेल्या सुरूंचे बुंधे. तक्रार माझी आहे आणि ती माझ्याच अर्जाविरुद्ध आहे.

किनाऱ्यावरचे सुरूचे बन फार दाट लावलेले होते. विरळणीसाठी गावाला कचेरीत अर्ज करायचा होता; तो लिहायचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु कचेरीबाहेर टेबल मांडून मी असंख्य अर्ज मंजूर करवून घेतले आहेत. करवत्याचे म्हणणे होते, की रोगट, वाकड्या झाडांवर चुन्याची खूण करून तेवढीच पाडावीत, जागेवर तुकडे करून खांद्यावरून बाहेर काढावीत. काम संथ, पण बन शाबूत. मी ते खोडून काढले. प्रत्येक तिसरी ओळ तोडावी, म्हणजे बैलगाडी आत जाईल, अख्खे झाड ओढता येईल आणि निवडीत वशिला चालणार नाही, असे लिहिले. ‘शिस्तबद्ध’ हा शब्द दोनदा योजला. गावाने अंगठे दिले. अर्ज मंजूर झाला.

नकाशा मी रेघी कागदावर काढला होता. वर समुद्र, खाली गाव, मध्ये आडव्या रेघांवर झाडे. प्रत्यक्षात ओळी समुद्राकडून थेट गावाकडे येत होत्या. तोड झाली आणि वाऱ्याला सरळ गल्ल्या मिळाल्या. त्यांतली एक बहिणीच्या जवळा वाळवायच्या खळ्यावर उघडते.

तिने बोरिवलीला येऊन पदरातला सुका जवळा माझ्या टेबलावर ओतला.

“खा, दादूस.”

दातांखाली रेती करकरली.

“गिऱ्हाईक इचारतंय, जवला इकतेस का रेती?”

“तक्रार लिहितो.”

“कोनावर लिवशील? तुज्यावर?”

गावाच्या नावाने दोनदा लिहिली. दोन्ही वेळा कारकुनाने जुना अर्ज पुढे सरकवला. “गावानेच मागितलं होतं ना? अक्षरही तुमचंच दिसतंय.” माझी चूक आहे, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. शेजारच्या टेबलावरचे लेखनिक ऐकत होते. मी कागद घडी करून परत आणला. त्या वर्षी बहिणीचे खळे रिकामेच राहिले.

म्हणून आता स्वतःच्या सहीने लिहितो. ओळींची दिशा मी चुकीची दाखवली; गाव निर्दोष आहे. गल्ल्यांच्या समुद्राकडील तोंडाशी सुरूच्या दोन आडव्या ओळी लावण्याचा हुकूम व्हावा. उत्तर मला न पाठवता बहिणीच्या घरी पाठवावे, आणि ते पुढचा जवळा येण्याआधी मिळावे, ही विनंती.