आमेन होईपर्यंत

रविवारची उपासना संपल्यावर मंडळीतल्या नर्सताईंनी सतरंजीवर एक रबरी पुतळा ठेवला आणि हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते दाखवू लागल्या. स्पिरिटने पुसलेल्या त्या रबराचा वास आला आणि गंगाखेडच्या याच चर्चमधली बारा वर्षांपूर्वीची सकाळ माझ्यासमोर उभी राहिली.

पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली होती. बायका आणि पुरुष यांच्यामध्ये हातभर वाट सोडलेली असते. तिच्या एका कडेला मी, दुसऱ्या कडेला बाबा. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी उघडले, कारण बाबांचा श्वास जड येत होता. सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि ते डावा दंड चोळत होते.

"बाबा, काय व्हायलंय?" मी कुजबुजले.

"पित्त हाय गं. गप बस. आमेन होऊ दे."

प्रार्थना चालू असताना आमच्यात कुणी उठत नाही. मागून एक मावशी म्हणाल्या, "डोळे मिट पोरी, देव बघायलाय."

मी डोळे मिटले आणि त्यांचा श्वास ऐकत राहिले. आमेन झालं, सगळे उठले. बाबा उठले नाहीत. परभणीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच ते गेले.

तेव्हा वाटलं होतं, निदान मी त्यांचा शब्द मोडला नाही. आता वाटतं, तेवढा एक मोडायला हवा होता.

नर्सताईंचं सांगून झाल्यावर तेच पाळकसाहेब, आता काठी टेकत, पुढे आले. "कुणाच्या छातीत दुखलं तर माझी प्रार्थना मधीच तोडा," ते म्हणाले. "देव रागवत न्हाई."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.