इक्बालभाईंचा म्हातारा कॉम्प्युटर

काही ठिकाणी किस्से घडतात, आमच्या स्टुडिओत ते साचतात. कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ साचते ना, तसेच. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, पण झाकण उघडलं की मूठभर निघतेच!

स्टुडिओ म्हणजे नवापुरात एका टेलरच्या दुकानावरची खोली. भिंतींना गाद्यांचा फोम, मधोमध माईक, कोपऱ्यात कीबोर्ड आणि त्याच्यामागे मी. लग्नसराईत नाचायच्या टिमल्या, हळदीची गाणी, होळीची गाणी, सगळं इथे रेकॉर्ड होतं. मालक इक्बालभाई. त्यांचे वडील बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे, त्यामुळे सूर घरातच होता. आणि कॉम्प्युटर? तो बहुतेक वडिलांच्याच वेळचा असावा, अशी आम्हाला शंका आहे.

आम्ही त्याला 'म्हातारा' म्हणतो. दुखणं एकच. तापतो, आणि तापला की जागच्या जागी गोठतो. माऊस हलत नाही, पडद्यावरची रेघ सरकत नाही, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबतं. "नवा घ्या" म्हटलं की इक्बालभाईंचं उत्तर तयार.

"नवा लिसू, पन त्याले टिमली कोन शिकाडी?"

त्यांचा मुलगा इम्रान सुरतेला कापड मार्केटमध्ये आहे. पोरगा गुणी, आईबापावर जीव. जिने चढताना बापाला धाप लागते, हे त्याला बघवत नाही. गेल्या ईदला आला तेव्हा आम्हा सगळ्यांसमोर त्याने शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "अब्बा, अब की बार ये डब्बा बंद पडा, तो स्टुडिओ भी बंद! फिर आप और अम्मी सीधे सूरत."

इक्बालभाई "ठीक है" म्हणाले. काय करतील? पण सुरतेला गेले तर हा माणूस दिवसभर करणार काय, याचीच आम्हाला काळजी. माझी रोजीरोटीही त्याच खोलीत होती म्हणा.

त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओत 'बंद पडला' हे शब्द बंद पडले. म्हातारा गोठलेला असायचा, आम्ही चहा पीत बसलेलो असायचो, आणि कुणाचाही फोन आला की इक्बालभाई आवाज खाली आणून एकच वाक्य बोलायचे, "नंतर बोल भो. रेकॉर्डिंग चालू शे."

*

खरी पंचाईत पंख्याची. म्हाताऱ्याच्या डब्याची एक बाजू कायमची उघडी आणि समोर टेबलफॅन, हे त्याचं सलाईन. पण पंख्याची घरघर माईकमध्ये येते. म्हणून टेक सुरू झाला की टेबलफॅन बंद, छताचा पंखा बंद, दार बंद. मे महिन्यात आत गायक शिजतो आणि म्हातारा भाजतो. त्यातल्या त्यात म्हातारा आधी हार मानतो!

मग उपाय निघाला. गाणं म्हातारा गोठायच्या आत संपवायचं. मी ताल चढवत न्यायचो, शेवटचं कडवं तर गायक पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं म्हणायचा.

एकदा अक्कलकुव्याचा एक डीजेवाला आला. आम्हाला वाटलं, तक्रार घेऊन आला. त्याने इक्बालभाईंचे हातच धरले.

"भाई, शेवटले जी स्पीड देतस ना तुम्ही, पब्लिक येडं व्हई जास! कसं काय सुचस?"

इक्बालभाईंनी उघड्या डब्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "गुरूनी कृपा शे."

*

मध्यंतरी नंदुरबारहून एक मेकॅनिक बोलावला, अर्थात गुपचूप. त्याने डब्यातून रॅमची पट्टी काढली, खिशातून शाळेतलं खोडरबर काढलं, पट्टीच्या पिवळ्या कडा घासल्या आणि परत बसवली. म्हातारा उठून बसला!

झालं. इक्बालभाईंच्या खिशात कायमचं खोडरबर आलं. माईकची पिन खरखरली, रबर. रिमोट चालेना, रबर. मोबाईलचं सिम, रबर. माझा सूर जरा चढला की माझ्याकडेही ते खिशात हात घालून बघायचे.

एक दिवस भाभी, म्हणजे इम्रानच्या अम्मी, जिना चढून वर आल्या. कधी न येणाऱ्या भाभी आल्या म्हणून आम्ही उभेच राहिलो.

"जरा समझाओ इनको," त्या मला म्हणाल्या. "मैं बोली फ्रिज बिगड गया, तो ये खोडरबर लेके खडे हो गए!"

इक्बालभाई शांतपणे म्हणाले, "चालू झाला का नही?"

"झाला," भाभी चिडून म्हणाल्या. "वही तो!"

*

रबराची जादू उन्हाळ्यात ओसरली. तेव्हा इक्बालभाईंचे दोस्त छोटूभाई मदतीला धावले. छोटूभाईंची गावाबाहेर पोल्ट्रीची शेड. त्यांनी शेडमधला भलामोठा पंखाच टेम्पोत घालून आणला.

"मन्ह्या इतल्या कोंबड्या थंड ऱ्हातस, तुन्हा एक डबा काय चीज शे!"

पंखा लावला. कागद उडाले, फोम फडफडला, टेलरची मापाची टेप खालून वर आली. आणि खोलीभर पिसं! कोंबडीची पांढरी, मऊ पिसं. पण म्हातारा मात्र गारेगार झाला. मग पंखा बंद केला आणि टेक घेतला.

गायक होता रूपसिंग, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. गडी रंगात आला, डोळे मिटून शेवटच्या कडव्याला भिडला. आणि एक पीस, निवांत, कुठलीही घाई नसल्यासारखं, वरून खाली येत होतं. मी बघत होतो. माझे दोन्ही हात कीबोर्डवर. ते बरोबर रूपसिंगच्या नाकावर उतरलं.

अशी शिंक दिली म्हणता, की माईकचा स्टँड हलला! गाणं सेव्ह झालं आणि त्याच क्षणी म्हातारा गोठला. परत टेक घ्यायची सोय नाही, दुसऱ्या दिवशी लग्न. गाणं तसंच गेलं.

आजही लोक येतात आणि विचारतात, "ती शिंकवाली टिमली शे का?"

*

मग आला पांडू. पांडू आमचा ढोलकवाला. हाताने ताल पक्का, जिभेने कच्चा. एकदा तो भावाकडे सुरतेला निघाला होता. भाभींनी इम्रानसाठी त्याच्याकडे लोणच्याची बरणी दिली होती. इम्रान सुरत स्टेशनवर घ्यायला येणार होता. गाडीला वेळ होता, म्हणून पांडू ढोलक पोटाशी धरून कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे बघत बसला.

चहा झाला. गप्पा झाल्या. दुसरा चहा झाला. बाहेरून गाडीची शिट्टी ऐकू आली.

"कोनती गाडी गई व्हई?" मी विचारलं.

पांडू निर्धास्तपणे म्हणाला, "मालगाडी व्हई. आते तं साडेतीनच वाजेल शेतस!"

म्हाताऱ्याचं घड्याळ कधीच गोठलं होतं. पांडू गेला नंतरच्या गाडीने. तिकडे इम्रान स्टेशनवर ताटकळलेला. "इतनी देर?" एवढंच त्याने विचारलं. आणि आमच्या या हरिश्चंद्राने लोणच्याची बरणी हातात देता देता सगळं सांगितलं. म्हातारा कसा गोठतो, रबर कुठे असतं, पिसं कुठून आली, सगळं!

परत आल्यावर पांडू म्हणाला, "पन बरनी सलामत पोचाडी ना मी!"

*

पुढच्याच रविवारी इम्रान आला. खाली रिकामा टेम्पो उभा होता. इम्रान काही रागावला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. नुसतं म्हणाला, "अब्बा, बात हुई थी ना?" इक्बालभाई मान खाली घालून माईकची वायर गुंडाळायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला. रूपसिंग आला होता, सोबत त्याची आजी. रूपसिंगच्या बहिणीचं लग्न होतं. डीजे ठरला होता, पण नातीच्या हळदीला आपलंही गाणं वाजलं पाहिजे, असा आजीचा हट्ट. मोठमोठ्या गावांची नावंही न ऐकलेली म्हातारी जीपने डोंगर उतरून आली होती. ती बसली, मांडीवर बाजारातून घेतलेलं कोरं सूप, लग्नासाठी.

"एक गाना," इक्बालभाई मुलाला म्हणाले. "फिर ले जा."

"एक," इम्रान म्हणाला.

पंखे बंद केले. दार लावलं. आजीने उघड्या डब्याकडे बोट दाखवून नातवाला आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. त्याने समजावलं, की हा तापला तर थांबेल. आजीने सरळ सूप उचललं आणि डब्याजवळ रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या इम्रानला दिलं.

रूपसिंग ओशाळून म्हणाला, "आजी म्हणते, उभा आहेस तर वारा घाल. आवाज करू नको. आणि आमच्याकडे हळदीचं गाणं मधे तोडत नाहीत, तेवढं सांभाळा."

आजी गायला लागली. इम्रान सुपाने वारा घालायला लागला. काय आवाज होता तो! मी कीबोर्डवरचे हातच काढून घेतले.

पण हळदीच्या गाण्यात एकेका सोयऱ्याचं नाव येतं, आणि आजीचा गोतावळा काही लहान नव्हता. काकांचं घर झालं, आत्यांचं झालं. इम्रानच्या शर्टाची पाठ भिजली. आजी मामांच्या गावाला पोचली, आणि मी पडद्याकडे पाहिलं. रेघ थांबली होती. घड्याळ थांबलं होतं.

इक्बालभाईंनी कानावरचा हेडफोन हळूच खाली घेतला आणि मुलाकडे पाहिलं. इम्राननेही पडदा पाहिला. मग आजीकडे पाहिलं. ती डोळे मिटून मोठ्या मामाच्या अंगणात उभी होती, धाकटे अजून बाकी होते.

इम्रानच्या खिशात फोन थरथरला, त्याने सूप डाव्या हातात घेऊन तो कानाला लावला. खाली उभा असलेला टेम्पोवाला. मी बाजूलाच होतो, त्याचा आवाज मलाही ऐकू आला, "इम्रानभाई, सामान खाले उतारानं का?"

इम्रानने वारा घालणं थांबवलं नाही. फोन तोंडाजवळ धरला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"नंतर बोल भो. रेकॉर्डिंग चालू शे."