मतीन मणेर : सांगलीची नोकरी आणि साताऱ्याचे दुकान

मतीन हाफिज मणेर. जन्म १९६४, सातारा. मृत्यू २०२४, सातारा. मधला जवळजवळ सर्व काळ ते सांगलीत राहिले, आणि तेथे कोणीही त्यांचे नव्हते.

मी साताऱ्यातला शाळामास्तर; आम्ही वर राहतो, त्या इमारतीच्या तळमजल्यावर मणेरांचे बांगड्यांचे दुकान आहे. ते त्यांच्या पत्नी हाजराबी चालवीत. मतीन एका दूरध्वनी कंपनीत अभियंते होते आणि एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी घरी येत. त्यांच्या कामाविषयी मी पुढे जे लिहितो, ते दुकानाच्या पायरीवर बसून त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे.

आपण एखादा क्रमांक लावतो तेव्हा आपल्या बोलण्याआधी एक छोटा निरोप पुढे धावतो : हा क्रमांक कोणत्या कंपनीचा, त्याचा धनी या घटकेला कोणत्या टॉवरखाली. हे निरोप हाकणाऱ्या यंत्रांची एक जोडी होती. एक केंद्र सांगलीत, दुसरे साताऱ्यात. क्रमांकांची संपूर्ण नोंद दोन्हीकडे सारखी ठेवलेली. रोजचे ओझे दोघांनी निम्मे निम्मे वाहायचे; परंतु प्रत्येकाची ताकद अशी राखायची, की एक बंद पडले तर दुसऱ्याने सारे ओझे उचलावे आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागू नये. ही जोडी बांधणे आणि ती एकमेकांशी जुळलेली राखणे हे मतीन यांचे काम. वर्षातून दोनदा ते एकेक केंद्र मुद्दाम बंद करून पाहात. ते म्हणत, "गुरुजी, न तपासलेला जोडीदार म्हणजे भिंतीवरचं चित्र."

यंत्राला जोडीदार होता. मतीन यांना कंपनीने दिला नाही. साताऱ्याला बदली मागितली की उत्तर ठरलेले : तुमच्या जागी बसणारा माणूस दाखवा. सांगलीच्या विश्रामबागेतील एका खोलीत त्यांनी आपला संसार एका स्टोव्हवर चालविला. शेजारी त्यांना 'सातारकर' म्हणून ओळखत, साताऱ्यात लोक विचारीत, "सांगलीवाले आले काय?"

त्यांच्या हातून मोठी चूक एकदाच झाली. सांगली केंद्रातील वातानुकूलन बिघडले म्हणून त्यांनी ते केंद्र बंद केले. साताऱ्याने सर्व भार उचलला. दुरुस्तीला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या एकुलत्या मुलीचा, सिमरनचा, साखरपुडा होता. बंद केंद्र परत आणताना एक नियम काटेकोर पाळावा लागतो : मधल्या काळात जोडीदाराकडे झालेले सारे बदल आधी याच्या नोंदीत उतरू द्यायचे, ते तपासायचे, मगच याच्यावर भार टाकायचा. त्या सकाळी नोंद उतरत आली होती. पूर्ण उतरली नव्हती. मतीन यांनी सांगलीला निम्मा भार दिला आणि एसटी गाठली.

ज्यांनी त्या दोन दिवसांत जुना क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलली होती, त्यांना येणारे फोन एकाआड एक मरू लागले. साताऱ्याकडून गेलेला फोन लागे; सांगलीकडून गेलेल्याला 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असे उत्तर मिळे. कराडच्या स्थानकात गाडी उभी असताना कचेरीचा निरोप आला. मतीन उतरले आणि समोरच्या सांगलीच्या गाडीत बसले. दुपारी सर्व जुळल्यावर त्यांनी घरी फोन केला.

"निघू का आता?"

"तुमी या सावकाश," हाजराबी म्हणाल्या. "हितलं समदं झालं."

त्यात राग नव्हता, असे ते मला सांगत. राग असता तर बरे झाले असते, असेही एकदा म्हणाले. आपल्यावाचून घर चालते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

२०२२ मध्ये ते निवृत्त झाले. तेव्हा मात्र कंपनीने प्रियदर्शनी नावाची अभियंता त्यांच्या जागी नेमली. मतीन ट्रंक घेऊन साताऱ्याला आले. आता दुकानाचा निम्मा भार आपण घ्यायचा, हा त्यांचा निश्चय होता. दुसरी कोणतीही इच्छा त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखविली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पत्नीला जोडीचा नियम समजावून सांगितला. मी तेथेच होतो. हाजराबींनी एका मापाच्या बांगड्या दोऱ्यात ओवता ओवता सर्व ऐकून घेतले.

"म्हंजे दोगांनी निम्मं निम्मं वढायचं?"

"हो."

"आन् मी एवडी वर्सं दोगांचं एकलीनं वढलं, ते तुमच्या कुटल्या नकाशात बसतं, सांगा की." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, तुमी तरी इचारा ह्यांना."

मतीन हसले, पण त्या दिवशी त्यांनी गल्ल्यापाशी बसण्याचा आग्रह सोडला. कोपऱ्यात एक स्टूल ठेवून ते बसू लागले. "आधी नोंद उतरू दे," मला म्हणाले. "घाईनं परत येण्याचा अनुभव आहे मला." कित्येक महिने ते केवळ पाहात आणि ऐकत राहिले : कोणाचा हात कोणत्या मापाचा, कोणाला हिरवा चुडा, कोणाचा अंगठा दाबून धरावा लागतो. गिऱ्हाईक आले की स्टूल मागे सरकवून वाट देत. हाजराबींना त्यांची अडचण होत नव्हती. त्यांची गरजही लागत नव्हती.

अखेर त्यांनी चाचणीचा विषय काढला. हाजराबींनी आठ दिवस तासगावला बहिणीकडे जावे. दुकान आपण एकट्याने चालवावे.

"आन् गिऱ्हाइकं पळाली तर?"

"तर मी पुन्हा स्टुलावर."

हाजराबी गेल्या. तासगावकडे बेदाण्याचा हंगाम होता. इकडे मतीन यांनी वेळेवर दुकान उघडले, काच पुसली. बायका येत, आत डोकावत. "मावशी न्हाईत व्हय? मग येते मंगळवारी." अशा कितीतरी परतल्या. मतीन उभे राहात, पुन्हा बसत. तीन दिवस मी वरून हे पाहिले; खाली उतरलो नाही.

चौथ्या दिवशी मंडईत भाजी विकणाऱ्या हरणाबाई आल्या.

"आवं मणेर, भरता येत्यात का नुस्तं बसता येतंय?"

"शिकलोय."

"कुनाकडनं?"

"तिच्याकडं बघून."

"बघून पवाय बी येतंय म्हनं!" असे म्हणून त्यांनी हात पुढे केला. "भरा."

तिसऱ्या बांगडीला टचकन आवाज झाला. मतीन यांचा चेहरा उतरला. "फुटली," ते म्हणाले.

"फुटली म्हनायचं न्हाई, वाडली म्हना. एवडं बी शिकवलं न्हाई व्हय बाईनं? घ्या फुडची."

उरलेल्या धड चढल्या. दुसऱ्या दिवशी हरणाबाईंनी मंडईतल्या दोघींना पाठविले. हाजराबी परतल्या तेव्हा मतीन गल्ल्यापाशी होते. त्यांनी कोपऱ्यातले स्टूल स्वतःकडे ओढले आणि त्यावर बसल्या. पुढच्या हंगामात हाजराबींनी पुन्हा तासगावला जायचे, असे त्याच संध्याकाळी ठरले.

तो हंगाम मतीन यांनी पाहिला नाही. हृदयविकाराच्या झटक्याने ते एका दुपारी घरीच वारले. हाजराबी पतीनिधनानंतरच्या इद्दतीला बसल्या. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचे नाही. दुकानाला कुलूप लागले. एक गेला तर दुसऱ्याने ओझे उचलावे, हा नियम तेथे चालेना. सिमरन सासरहून येऊन काच तेवढी पुसून जाई.

मुदत संपल्यावर दुकान उघडले. सर्वांत आधी हरणाबाई आल्या. इतके दिवस त्यांनी जुन्याच बांगड्या वापरल्या होत्या; नव्या दुसरीकडे भरल्या नव्हत्या. हाजराबींनी हात धरला, बांगड्या चढवू लागल्या.

"हळू गं," हरणाबाई म्हणाल्या. "तुजा हात जड हाय. त्येंचा हलका हुता."

हाजराबींचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "व्हय. मला कदी भरल्याच न्हाईत त्येंनी."

दुकान आता पूर्वीप्रमाणे त्या एकट्याच चालवितात, आणि ते नीट चालते. सांगली आणि साताऱ्याची जोडी प्रियदर्शनी सांभाळते. स्टूल कोपऱ्यात आहे; त्यावर माल ठेवीत नाहीत. तासगावची दुसरी भेट तेवढी राहिली आहे. बहीण बोलावते, हाजराबी म्हणतात, दुकानात कोण बसणार?