मेंदूची शिवण

नातेवाईक त्यांना पाठीमागे उंदीरवाल्या बाई म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. उभी हयात प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत डोकं घालून घालवल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? लग्नाच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. घरी म्हातारी आई, तीही हल्लीच आपलं बिऱ्हाड मोडून लेकीकडे राहायला आलेली.

काम मोठं नाजूक. रक्तातलं वाटेल ते मेंदूत शिरू नये, म्हणून तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती अगदी घट्ट जुळलेल्या असतात. मेंदूला सूज आली की त्या सैल पडतात. बाई उंदराच्या शिरेत निळा रंग सोडत. भिंत शाबूत असली तर बाकी सगळं अंग निळं, मेंदू तेवढा पांढरा. सैल पडली की मेंदूवरही निळे डाग. आईनं जन्मभर लोकांचे कपडे शिवलेले, तेव्हा तिला हे शिवणीच्या भाषेत सांगितलं. झालं! म्हातारी ज्याला त्याला सांगत सुटली, की आमची लेक मेंदूची उसवलेली शिवण शोधते.

मग ते मशीनचं झालं. आईचं जुनं शिलाई मशीन खोलीत अडगळ करतं म्हणून बाईंनी परस्पर देऊन टाकलं. आईला विचारायचं त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आई भांडली नाही. पण थोड्याच दिवसांत ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पाठ वाकवून बसू लागली. केस विंचरेना, जेवेना, हाक मारली तर ओ देईना, उजेड नको म्हणून पडदे ओढून घेई. बाईंनी ठरवून टाकलं, रुसलीय. अहो, तिच्या कपाळाला हात लावून ताप तरी बघायचा! पण छे. एका सकाळी समोरचं ताट उचलून त्या कडाडल्या, "नाटकं पुरे झाली आता. एका मशीनपायी किती छळशील मला?" आणि दार आपटून कामावर गेल्या.

त्या दुपारी एक उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता. केस पिंजारलेले, खाण्याला तोंड लावलेलं नाही. शेजारच्या टेबलावरची सहकारी गमतीनं म्हणाली, की साहेब आज रुसलेत वाटतं.

बाई मान वर न करता म्हणाल्या, "उंदीर रुसत नसतो गं. मेंदूला सूज आलीय, म्हणून असा बसलाय."

बोलल्या, आणि हातातली नळी हातातच राहिली. कोणाला काही न सांगता त्या घराकडे पळत सुटल्या. आई त्याच खुर्चीत होती, अंग नुसतं भाजत होतं, आणि तिनं लेकीला ओळखलं नाही.

दवाखान्यात निदान झालं, मेंदूला सूज. म्हातारी वाचली. पण उजव्या हाताची बोटं वळेनात. सुई सोडा, चमचासुद्धा धरवेना. डॉक्टर सहज बोलून गेले, की थोडं आधी आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यावर कडी म्हणजे आईचं कौतुक. बोलता येऊ लागल्यापासून ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला, तिच्या पाहुण्यांना, झाडूवालीलासुद्धा एकच सांगे, की माझ्या लेकीनंच दुखणं ओळखलं, दुसरी कोणी असती तर म्हातारी रुसली म्हणून सोडून देती. लोक बाईंकडे आदरानं बघत. आणि बाई? त्या ते निमूटपणे ऐकून घेत, आणि ऐकून घेतल्याची आणखी लाज वाटे.

एकदा आईला चमच्यानं दूध पाजता पाजता त्यांना राहवलं नाही. खालच्या आवाजात म्हणाल्या, "आई, असं सांगत जाऊ नकोस. मला काही कळलं नव्हतं. मी तुझ्यावर ओरडले होते. तुझ्यापुढचं ताट उचललं होतं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "सगळं ऐकू येत होतं मला. तोंडातून शब्द तेवढा फुटत नव्हता."

तेवढ्यात नर्स गोळ्या घेऊन आली. आई लगेच तिच्याकडे वळली. "ही माझी लेक. हिनंच ओळखलं बरं का."

नर्स हसून बाईंकडे बघू लागली. खरं सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तशी आईनं डाव्या हातानं त्यांचं मनगट घट्ट दाबलं, आणि बाई गप्प बसल्या.